अर्धे काळे वर्तुळ

रक्ताचे नाते कागदावर मांडण्याची एक पद्धत आहे. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. नवरा-बायकोच्या मध्ये आडवी रेघ आणि तिच्यातून खाली उतरलेल्या उभ्या रेघांना त्यांची मुले. माणूस मेला असेल तर त्याच्यावर तिरकी काट. ज्याला आजार असेल त्याचा चौकोन किंवा वर्तुळ काळ्या शाईने भरून टाकायचे. ही पद्धत मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात शिकलो आणि पुढची साडेतीन वर्षे तीच माझी नोकरी होती.

त्याआधी मी एका लहान दैनिकात बातमीदार होतो. महापालिका, कोर्ट आणि रुग्णालय ही माझी कामाची ठिकाणे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते दैनिक बंद पडले. रुग्णालयाच्या बातम्यांमुळे त्वचारोग विभागाच्या डॉक्टरबाई ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेबरोबर अभ्यास हाती घेतला होता आणि त्यांना घरोघर जाऊन विचारणारा, नीट लिहिणारा माणूस हवा होता. मुलाखतीत त्यांनी दोनच प्रश्न विचारले. अक्षर कसे आहे, आणि बाईमाणसाला तिच्या अंगावरच्या डागांबद्दल विचारताना लाज वाटेल का. पहिल्याचे उत्तर मी कागदावर लिहून दाखवले. दुसऱ्याचे उत्तर मी "नाही" असे दिले. ते खोटे होते, पण महिन्याभरात खरे झाले.

अभ्यासाचा विषय सांगायला सोपा होता. कोड, सोरायसिस आणि इसब हे तीन आजार सगळीकडे दिसतात. काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, काही घरांत एकदा येतात आणि परत येत नाहीत. हे रक्तातून येते का, येत असेल तर सगळ्या समाजांत सारखेच येते का, हे डॉक्टरबाईंना पाहायचे होते. त्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीइतकी सोयीची जागा नव्हती. खाडीकाठच्या जुन्या कोळी वस्त्या, कोकणातून आलेली घरे आणि देशावरून आलेली घरे दहा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात राहत होती आणि बहुतेक आपापल्यातच लग्ने करत होती. प्रत्येक घराचा तक्ता करायचा, आजारी आणि निरोगी अशा दोन्ही माणसांचे रक्त घ्यायचे, नळ्या बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून त्याच दिवशी मुंबईला पोचवायच्या. रक्त परिचारिका घेई. तक्ता आणि थर्मास माझ्याकडे.

काम सुरू झाले तेव्हा समजले की रक्त मिळवणे सोपे आहे आणि माहिती मिळवणे अवघड. सोरायसिसबद्दल लोक मोकळेपणाने बोलत. इसबाबद्दल तर अघळपघळ बोलत, औषधे सुचवत. कोडाचे नाव काढले की दार अर्धे बंद होई. "आमच्यात नाही कोणाला," हे उत्तर मी तिन्ही समाजांत एकाच सुरात ऐकले. आणि ज्यांच्याकडे लपवण्यापलीकडचे डाग होते, त्यांच्याकडे दुसरे उत्तर तयार असे. भाजले. स्टोव्हचा भडका उडाला, तेल उडाले, इस्त्री लागली. निदान चार घरांत मी "भाजले" असे लिहून आणले आणि डॉक्टरबाईंनी तपासल्यावर ते कोड निघाले. त्यानंतर हा शब्द ऐकला की मी पेन्सिल उचलत असे.

कोपरीतल्या कोळी कुटुंबाशी ओळख झाली ती अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी. घरात एक विधवा बाई राहत होत्या. मासळी बाजारात त्यांची बसायची जागा होती. पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज बाजारातला. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला पेपरवाल्या म्हणत, कारण बाजाराच्या छपराबद्दल मी कधीकाळी दिलेली बातमी त्यांना कोणीतरी वाचून दाखवली होती.

"काय रं पेपरवाल्या, छापलंस तरी छप्पर गळतंय. आता रगत नेऊन काय दुरुस्त करशील?"

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होते, असा समज आजही आहे. बाहेरचे लोक तो कोळ्यांना तोंडावर ऐकवत. प्रश्नावलीत त्याबद्दल एक प्रश्न होता. मी तो विचारला तेव्हा मावशी बराच वेळ हसल्या.

"मासळी होती आमचे घरान. दूध कुनी बघितलंय? चाय पन काळी पितो आमी."

दोन भेटींनंतर त्यांनी डॉक्टरबाईंना पाठ आणि कंबर दाखवली. तिथे कोड होते. वीस वर्षे होते आणि लुगड्याखाली झाकलेले होते. त्यांच्या आईलाही होते. एकुलत्या धाकट्या भावाला हात, मान आणि चेहऱ्यावर होते. त्याने लग्न केले नाही आणि शहाड स्टेशनजवळ एक खोली घेऊन तो एकटा राहत होता. हे सगळे सांगण्यापूर्वी मावशींनी मला एकच गोष्ट विचारली होती. हे कोणाला कळेल का?

मी म्हणालो, "नाही मावशी. कागदावर नाव नसतं, नंबर असतो. घरातली गोष्ट घरातच राहील."

हे वाक्य मला डॉक्टरबाईंनी शिकवले होते आणि मी ते प्रत्येक घरात बोलत असे. मावशींनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

त्यांची भीती स्वतःसाठी नव्हती. त्यांना एकच मुलगी होती. टायपिंग शिकून ती डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागली आणि तिथल्याच सहकाऱ्याशी तिने लग्न केले. मुलाचे घर कोकणातले, जात वेगळी. वर्षभर नाराजी चालली आणि मग मुलाच्या आईने होकार दिला. मुलीला आता तीन वर्षांची मुलगी होती. त्या घरात कोडाचा विषय कधी निघाला नव्हता. तो निघू नये म्हणून मावशींच्या भावाने भाचीच्या लग्नालाही पाऊल टाकले नव्हते. नवरीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. तिथे मावशींच्या चुलत भावाला उभे केले आणि सख्खा मामा आजारी आहे असे सांगितले.

मी शहाडला गेलो. एका घराची माहिती दुसऱ्या तोंडून पडताळायची, ही सवय मला दैनिकाच्या वृत्तसंपादकांनी लावली होती. एका माणसाने सांगितलेली गोष्ट ही बातमी नसते, असे ते म्हणत. मामांनी कारखान्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले.

"बघून घ्या. हितं लपवायला काय जागाच नाय राह्यली. डॉक्टर बोलले, चट्टे आहेत. मी बोललो, चट्टे तर काळे आहेत. बाकी सगळा मी गोरा झालोय."

त्यांनी रक्त दिले, आईबद्दल, आजोबांबद्दल सांगितले. मावशींच्या सांगण्याशी ते तंतोतंत जुळले. पाच पिढ्यांचा तक्ता तयार झाला. अभ्यासातल्या सगळ्या तक्त्यांत तो सर्वात मोठा आणि स्वच्छ होता. डॉक्टरबाईंनी तो भिंतीला लावून पाहिला आणि म्हणाल्या, अशी दहा घरं मिळाली तरी पुरे.

एकच वर्तुळ राहिले होते. मावशींच्या मुलीचे.

तिला कोड नाही, असे मावशींनी सांगितले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. अंगावर कुठे फिका डाग? त्या म्हणाल्या, उजव्या घोट्यावर आहे, पण तो भाजल्याचा. पाच वर्षांची असताना पेजेचे पातेले कलंडले होते.

मी पेन्सिलने अर्धे वर्तुळ काळे केले.

डॉक्टरबाईंनी ते पाहिले. त्या म्हणाल्या, "शंका असेल तर बाजूला प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. ती आली इकडे कधी, तर मी बघेन."

मी पुढे गेलो नाही. प्रश्नचिन्ह टाकून मजकूर छपाईला सोडायचा नसतो, हे माझ्या अंगात भिनले होते. मुलगी माहेरी कधी येईल याची वाट पाहण्यापेक्षा तिलाच जाऊन विचारावे, असे मी ठरवले. मावशींना हे सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी जाऊ दिले नसते, हे मला तेव्हा ठाऊक होते की नाही, याचे उत्तर मी अजून निश्चित देऊ शकत नाही.

डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक होता. दुपारचे तीन वाजले होते. मुलगी कामावरून यायची होती. दार तिच्या सासूबाईंनी उघडले. त्या नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. सुती पातळ, चष्मा, नेमके बोलणे. मी कुठून आलो ते सांगितले. त्यांनी आत घेतले, पाणी दिले, चहा टाकला. नात आतल्या खोलीत झोपली होती म्हणून आम्ही हळू बोलत होतो.

"कसला अभ्यास म्हणालात?"

"त्वचेच्या आजारांचा."

"कोणत्या?"

खोटे सांगून माहिती काढायची नाही, हाही दैनिकाचाच नियम. मी तिन्ही आजारांची नावे सांगितली.

त्यांनी तोंड वाकडे केले नाही. उलट त्यांना उत्सुकता वाटली. हे रक्तातून येते हे कसे शोधतात, वेगवेगळ्या समाजांत वेगळे असते का, निरोगी माणसांचे रक्त कशाला लागते, असे त्यांनी ओळीने विचारले. दीड वर्षात मी जवळजवळ शंभर दारे वाजवली असतील. कामाची पद्धत मला कोणी विचारली नव्हती. मी सविस्तर सांगू लागलो. शब्दांत पुरेसे स्पष्ट होईना म्हणून पिशवीतून फाईल काढली. वरचाच तक्ता कोपरीचा होता. त्यावर नाव नव्हते, गाव नव्हते, फक्त आकडे होते. मी निर्धास्त होतो.

शिक्षिकाबाईंनी चष्मा पुसून तक्ता जवळ ओढला. खाली खुणांचा अर्थ छापलेला होता. तो त्यांनी वाचला.

"म्हणजे ही दोन भावंडं. मोठी बहीण, धाकटा भाऊ. दोघंही काळे."

"हो."

"बहिणीचा नवरा वारलेला. एकच मुलगी." त्यांचे बोट खाली सरकले. "मुलीचं लग्न झालंय, तिला एक मुलगी." बोट तिथेच थांबले. "आमच्या विहीणबाईंना एकच भाऊ. लग्नाला आले नव्हते ते. आजारी होते म्हणाले."

तक्ता मागे ओढून घ्यायला हवा होता. तो मी ओढला नाही.

"आणि हे अर्धं काळं? पेन्सिलचं?"

"ते निश्चित नाही," मी म्हणालो. "त्यासाठीच आलोय."

हे उत्तर अचूक होते. शिक्षिकाबाई उठल्या, चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. आतल्या खोलीचे दार त्यांनी ओढून घेतले. मी चहा संपवला आणि मुलगी यायच्या आत निघालो.

चौथ्या दिवशी मुलगी एक बॅग आणि आपली मुलगी घेऊन कोपरीला आली. चार दिवस माहेरी जाऊन तपासणी करून घे, असे तिला सांगितले होते. नातीलाही बरोबर पाठवले होते, कारण उद्या तिच्या अंगावर काय उठेल याची त्या घराला आता खात्री नव्हती. दोन दिवस सासूबाईंनी आंघोळीच्या वेळी नातीला उजेडात उभी करून तपासले होते. मुलीने हे मला नंतर सांगितले, एखाद्या ऑफिसातली तक्रार सांगावी तसे, क्रमाने.

डॉक्टरबाईंनी तिला त्याच दिवशी बोलावले. विभागात एक अंधारी खोली होती आणि जांभळट प्रकाशाचा एक दिवा. त्या प्रकाशात कोडाचा डाग दुधासारखा उजळतो. भाजल्याचा डाग तसा उजळत नाही. मी दाराबाहेर उभा होतो. पाच मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"भाजलेलं आहे," त्या म्हणाल्या. "जुना व्रण. आईनं खरं सांगितलं होतं."

मग त्यांनी मला विचारले की मी डोंबिवलीला काय काय दाखवले. मी सांगितले. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला नीट अक्षर आहे म्हणून घेतलं."

मी खोडरबराने अर्धे वर्तुळ पांढरे केले. कागद तिथे जरा विरला.

दैनिकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापत. डॉक्टरबाईंना विचारून मी खुलासा घेऊन डोंबिवलीला गेलो. शिक्षिकाबाईंनी या वेळीही पाणी दिले. मी सांगितले की डाग भाजल्याचा आहे, सूनबाईंना कोड नाही, माझा अंदाज चुकला होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिला नाही, हे चांगलंच झालं. पण आईला आहे ना?"

"आहे."

"मामाला?"

"आहे."

"आजीला होतं?"

"होतं."

"म्हणजे तुमची चूक एका वर्तुळापुरती. बाकी कागद बरोबर आहे." त्यांनी हे टोचून म्हटले नाही. शाळेत उत्तरपत्रिका तपासल्यासारखे म्हटले. "मला त्यांनी विश्वासात घेतलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण घेतलं नाही. सख्ख्या मामाला मांडवात येऊ दिलं नाही त्यांनी. मग मी काय समजायचं?"

त्यांच्या घरचा तक्ता आम्ही केला नव्हता. न केलेल्या घराला निरोगी समजायचे नाही, असा अभ्यासाचा नियम होता. मी तो त्या दिवशी बोलून दाखवला नाही. दाखवून उपयोग झाला असता असेही नाही.

शेवटी त्यांनी एक मागणी केली. डॉक्टरबाईंनी लेखी द्यावे की नातीला हा आजार होणार नाही. तसे पत्र आले तर त्या सुनेला आणायला स्वतः कोपरीला जातील.

मुलगी, मावशी आणि शहाडचे मामा या सगळ्यांचे पुढचे पंधरा दिवस त्या पत्रावर अवलंबून होते. डॉक्टरबाईंनी ते माझ्यासमोर लिहिले. डाग भाजल्याचा आहे. नातीच्या आईला कोड नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो असलेल्या माणसांच्या बहुतेक नातलगांना तो कधीच होत नाही. एवढे लिहून त्या थांबल्या आणि त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले, की इतरांच्या तुलनेत अशा नातलगांमध्ये शक्यता थोडी जास्त असते.

मी म्हणालो, "हे शेवटचं वाक्य नसलं तर?"

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवले. "तुम्ही सांगा. काढू?"

खोलीत आम्ही दोघेच होतो. त्या खरोखर विचारत होत्या. मी हो म्हणालो असतो तर त्यांनी ते खोडून नवे पत्र लिहिले असते, असे मला आजही वाटते.

मी म्हणालो, "नको."

पत्र मुलीच्या नवऱ्याच्या हाती दिले. आठवड्याने तो ते परत घेऊन कोपरीला आला. "थोडी जास्त" या दोन शब्दांखाली निळ्या शाईची रेघ होती, पट्टीने मारलेली. तो उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसला. लेकीला त्याने मांडीवर घेतले. आई ऐकत नाही, थोडे दिवस जाऊ दे, असे म्हणाला.

मावशी आतून म्हणाल्या, "जावयबापू, आई आयकत नाय त तुमी तरी आयका. पायरीवर नका बसू, डाग लागंल."

तो उठून उभा राहिला. बसायला आत मात्र गेला नाही.

पहिले काही महिने तो रविवारी येई. नवरात्रात लेकीला टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला घेऊन गेला, फुगा घेऊन दिला, परत आणून सोडली. पुढे दोन-दोन महिन्यांनी येऊ लागला. वर्ष उलटल्यावर वकिलाची नोटीस आली. तिच्यात कोडाचा उल्लेख नव्हता. स्वभाव जुळत नाहीत असे लिहिले होते.

शहाडच्या मामांना ही बातमी मीच दिली. तिकडे जायचे टाळले असते तर कोणी विचारले नसते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "लग्नाला मी गेलो नाय. पोरीचं तोंड बघायला मिळालं नाय त्या दिवशी. टेशनावर बसून राह्यलो. आन कागदावर मातर गेलो. कशाला गेलो मी?" त्यांनी मला जायला सांगितले नाही. मी बराच वेळ बसून होतो.

अभ्यास पुढेही चालला. निष्कर्ष काही वर्षांनी, मी नोकरी सोडल्यानंतर आला. डॉक्टरबाईंनी मला त्याची प्रत दाखवली. कोडाला कोणताही एक दोष जबाबदार नाही. रक्तातल्या अनेक लहान गोष्टी मिळून तो होतो आणि त्या तिन्ही समाजांत सापडल्या, कमी-अधिक. कोळ्यांत वेगळे काही नव्हते. मासे आणि दुधाचा संबंध दिसला नाही. ज्या घरांत आज कोणालाच आजार नाही, अशा घरांतल्या निरोगी माणसांच्या रक्तातही त्याच खुणा होत्या. तो लेख इंग्रजीत होता. कोपरीत किंवा डोंबिवलीत तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही.

त्या लेखात कोपरीचा तक्ता नाही. तो कसा गेला ते सांगायचे राहिले.

नोटीस आल्यानंतरच्या आठवड्यात मावशींनी मला बोलावणे पाठवले. मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर सुकट निवडत होत्या. मुलगी आत नातीची वेणी घालत होती. मुलीने डोंबिवलीची नोकरी सोडली होती, कारण नवरा त्याच कंपनीत होता. ठाण्यात तिला अजून काम मिळाले नव्हते. सकाळी ती आईबरोबर बाजारात बसे.

"तो कागद आन," मावशी म्हणाल्या. "माज्या पोरीला त्यातनं काढ. बाकी आमी राहू. ती नको."

मी डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, एक माणूस काढला की तक्ता खोटा होतो. ठेवायचा तर सगळा, नाही तर काही नाही. कुटुंबाला काढून घ्यायचा हक्क आहे. मी हे मावशींना सांगितले.

"मग सगळाच आन."

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. प्रयोगशाळेला कळवून त्यांनी त्या घराच्या नळ्या नष्ट करायला सांगितल्या. नोंदवहीत क्रमांकावर रेघ मारली. भिंतीवर तक्ता जिथे लावला होता तिथल्या टाचण्या त्यांनी स्वतः काढल्या.

मी कागद घेऊन कोपरीला गेलो. मावशींनी तो उलट-सुलट पाहिला. त्यांना वाचता येत नव्हते. म्हणाल्या, कोन कुठं हाय ते सांग. मी एकेका खुणेवर बोट ठेवून सांगत गेलो. हे तुमचे आजोबा. ही तुमची आई. या तुम्ही. हा शहाडचा भाऊ. आईच्या वर्तुळावर काट होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मुलीच्या वर्तुळाशी मी थांबलो.

"ही पांढरी हाय ना?"

"पांढरी आहे."

"आन इथं कागद फाटल्यावानी काय झालंय?"

मी सांगितले.

त्यांनी मान हलवली. सुकटीची परडी बाजूला केली, कागदाची चौघडी घातली. मग मला विचारले, "जल्लं, याची दुसरी परत हाय का?"

होती. दैनिकातल्या सवयीने मी प्रत्येक तक्त्याची कार्बन प्रत काढत असे. ती मी बरोबर आणली होती. तीही दिली. त्यांनी दोन्ही कागद एकत्र दुमडले.

"आता आनखी कुठं लिवलेलं नाय ना?"

"नाही मावशी. कुठेच नाही."

आत वेणी घालून झाली होती. मुलगी फणीतले केस काढत होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डोंबिवलीत आहे की."

मावशींनी तिला गप्प बस म्हटले नाही. दोन्ही कागद त्यांनी चुलीत घातले आणि परत येऊन परडी पुढे ओढली. नात दारात येऊन उभी राहिली. तिने आईला विचारले, हा माणूस कोण. मुलीने मी कोण ते सांगितले नाही. ती म्हणाली, "आत ये, ऊन आहे."